आरक्षण : मेहेरबानी, हक्क की नाइन्साफी?

दरवर्षी निकाल लागले की मोहल्ल्यातल्या सायबर कॅफेत एक संवाद हमखास ऐकायला मिळतो. फॉर्म भरणारा पोरगा विचारतो, "चाचा, कॅटेगरी काय टाकू?" आणि चाचा ठामपणे सांगतात, "ओपन टाक. आपण मुसलमान. आपल्यात कसली आली जात?" शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी काहीच बोलत नाही. घरात तीन पिढ्यांपासून फळांचा धंदा, बिरादरी बागवान. बागवान हे नाव महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहे, हे चाचांना माहीत नसतं. किंवा माहीत असतं, पण सांगायला लाज वाटते.

तिथेच रांगेत उभा असलेला दुसरा एक बाप पुटपुटतो, "या आरक्षणानं हुशार पोरांचं वाटोळं केलं." आणि मागून तिसरा म्हणतो, "सगळ्यांना मिळतं हो, फक्त मुसलमानांना मिळत नाही."

ही तीन वाक्यं आपण इतक्यांदा ऐकली आहेत की ती खरीच वाटायला लागली आहेत. आपल्यात जात नाही. आरक्षण म्हणजे हुशारांवर अन्याय. मुसलमानांना आरक्षण नाही. तिन्ही वाक्यांत थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं. या गैरसमजाची किंमत मात्र ती गप्प उभी असलेली मुलगी मोजते. म्हणून एकेक मुद्दा शांतपणे पाहूया.

सुरुवात कोल्हापुरातून

आरक्षण ही १९९० नंतरची, मतांसाठी काढलेली गोष्ट आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती महाराष्ट्राच्या मातीतली आहे. २६ जुलै १९०२ रोजी छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आदेश काढला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांनी भराव्यात. मागासवर्गीय कोण? त्या आदेशात ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेल्या जाती सोडून बाकी सगळे, असा अर्थ दिला होता. म्हणजे मराठे, दलित, जैन आणि मुसलमान, सगळेच त्यात येत होते.

महाराजांनी हे का केलं? दरबारातल्या नोकऱ्या जवळजवळ एकाच वर्गाच्या हातात होत्या. कागदावर कोणालाही बंदी नव्हती. पण ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर होतं त्यांचीच मुलं शिकत होती आणि तीच कारकून, मामलेदार होत होती. महाराजांनी नुसत्या जागा राखून ठेवल्या नाहीत. त्या जागांपर्यंत पोचता यावं म्हणून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी पुढाकार घेतला आणि मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. राखीव जागा आणि वसतिगृह, दोन्ही एकत्र. नुसती खुर्ची ठेवून भागत नाही, खुर्चीपर्यंत जायला रस्ताही लागतो, हे त्यांना कळलं होतं.

कागदावरची बरोबरी

"सगळ्यांना समान नियम लावा, मग भेदभाव उरणारच नाही." हे वाक्य ऐकायला रास्त वाटतं. पण महाडचं उदाहरण पाहा.

१९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळाने ठराव केला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं. झाली बरोबरी! नियम समान झाला. पण एकही दलित माणूस तिथे पाणी पिऊ शकला नाही. मार खाण्याची भीती होती. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतरही लोकांवर हल्ले झाले, कोर्टकचेरी झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेसाठी जागा कोणी देईना, तेव्हा महाडच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. हा इतिहास आपल्या मुलांना सांगायला हवा.

मुद्दा असा, की दार उघडं आहे असं जाहीर केल्याने लोक आत येत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलेल्या माणसाला आत आणण्यासाठी काही तरी वेगळं करावं लागतं. समान वागणूक आणि न्याय या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात. घरात चार मुलं असली आणि त्यातलं एक आजारी असलं, तर अम्मी त्याला दूध जास्त देते. बाकीचे तीन तिला पक्षपाती म्हणत नाहीत. आपल्याकडे ज्याला अद्ल म्हणतात, तो सगळ्यांना एकाच मापाने मोजण्यापुरता नसतो. ज्याचा जो हक्क बुडाला आहे तो त्याला पोचवणं हाही अद्लच आहे.

आपल्या घटनेने नेमकं हेच केलं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रासच्या प्रवेशांमधलं जातनिहाय वाटप रद्द केलं. त्यानंतर त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून कलम १५(४) घालण्यात आलं. सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांसाठी सरकार विशेष तरतूद करू शकतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. नोकऱ्यांसाठी कलम १६(४) आधीपासून होतंच.

मग गुणवत्तेचं काय?

आता रांगेतल्या दुसऱ्या बापाचं म्हणणं घेऊ. त्याचा मुलगा हुशार आहे, त्याला दोन मार्कांनी सीट मिळाली नाही, आणि त्याच्यापेक्षा कमी मार्कांच्या मुलाला मिळाली. त्याचं दुःख खोटं नाही. त्याला "गप्प बस, तू जातीयवादी आहेस" असं म्हणणं बरोबर नाही.

पण मार्क म्हणजे काय, हे एकदा विचारायला हवं. एका मुलीचे आईवडील दोघंही पदवीधर, घरात तिची स्वतःची खोली, दोन वर्षं महागडे क्लास. दुसरी मुलगी भिवंडी किंवा मालेगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटात, दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास करते, धाकट्या भावंडांना सांभाळते, आणि बारावीपर्यंत तिच्या घरात कॉलेज पाहिलेलं कोणीच नसतं. पहिलीला ९० टक्के पडले आणि दुसरीला ८२. या दोघींत जास्त हुशार कोण, हे फक्त आकडे पाहून सांगता येईल का? जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातल्या ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट मांडली. स्पर्धा परीक्षेतले मार्क म्हणजेच गुणवत्ता असं समजता येत नाही, कारण त्या मार्कांमागे घरची ऐपत, शाळा आणि मिळालेला वेळ हेही असतं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

"पण अशाने कामाचा दर्जा घसरतो," असंही म्हटलं जातं. अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेचा अनेक वर्षांचा हिशेब तपासला. अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी वाढल्याने रेल्वेची उत्पादकता घटली, असा कोणताही पुरावा त्यांना सापडला नाही. उलट वरच्या पदांवर त्यांचं प्रमाण वाढलं तिथे काम सुधारल्याच्या खुणा दिसल्या.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आरक्षण प्रवेशाला असतं, पास होण्याला नसतं. एमबीबीएसची शेवटची परीक्षा सगळ्यांना एकच असते. ती पास झाल्याशिवाय कोणी डॉक्टर होत नाही.

जिथे आरक्षण नाही तिथे तरी सगळं गुणवत्तेवर चालतं का? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण आणि पात्रता सारखीच, फक्त नावं वेगळी. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता कमी होती आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला त्याहूनही कमी. नोकरीसाठी किंवा भाड्याच्या घरासाठी फोन करून नाव सांगितल्यावर पलीकडे काय होतं, हे आपल्यापैकी कित्येकांना वेगळं सांगायला नको.

आजच्या मुलाचा काय दोष?

हा सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि तो टाळू नये. आजोबांच्या पिढीने केलेल्या भेदभावाची शिक्षा आजच्या अठरा वर्षांच्या मुलाला का?

याचं उत्तर असं, की ही शिक्षा नाही. पण जसा तोटा वारशाने येतो तसा फायदाही येतो. जमीन, घर, शहरातली ओळखपाळख, इंग्रजी बोलणारी आई, ऑफिसात कोणाला भेटायचं हे माहीत असलेला मामा, हे सगळं मुलाने स्वतः कमावलेलं नसतं. ज्याला हे मिळालं त्याचा दोष नाही. ज्याला मिळालं नाही त्याचाही नाही. दोघांनाही दोष न देता मधलं अंतर कमी करायचं, एवढाच आरक्षणाचा हेतू.

तरीही किंमत कोणाला तरी पडते, हे मान्य केलं पाहिजे. म्हणूनच मर्यादा आहेत. १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने मंडल आयोगाचं २७ टक्के ओबीसी आरक्षण योग्य ठरवलं. त्याच निकालात दोन अटी घातल्या. एकूण आरक्षण सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांवर जाऊ नये. आणि मागासांमधल्या पुढारलेल्यांना, म्हणजे क्रिमी लेयरला, वगळावं. याच ५० टक्क्यांच्या मुद्द्यावर मे २०२१ मध्ये मराठा आरक्षणाचा आधीचा कायदा रद्द झाला होता.

क्रिमी लेयरची उत्पन्नाची मर्यादा २०१७ पासून वर्षाला ८ लाख रुपये आहे. म्हणजे मोठ्या अधिकाऱ्याच्या किंवा बड्या व्यापाऱ्याच्या मुलाला ओबीसीचा लाभ मिळू नये, अशी सोय आहे. ती पुरेशी आहे का, तिच्यात पळवाटा आहेत का, यावर जरूर बोला. पण "श्रीमंतच सगळं खातात, म्हणून बंद करा" हा उपाय नव्हे. रेशन दुकानात काळाबाजार होतो म्हणून रेशन बंद करा असं आपण म्हणत नाही, काळाबाजार बंद करा म्हणतो.

मुसलमानांना आरक्षण मिळतं का?

आता तिसऱ्या बापाचं वाक्य. उत्तर एका शब्दात देता येत नाही.

"मुसलमान" म्हणून, धर्माच्या नावावर, सरसकट आरक्षण महाराष्ट्रात नाही. घटनेत केवळ धर्माच्या आधारावर भेद करायला मनाई आहे. पण मुसलमानांमधल्या मागास बिरादऱ्यांना आरक्षण आहे आणि ते बऱ्याच वर्षांपासून आहे. मंडल आयोगाने हिंदूंप्रमाणेच मुसलमानांमधल्याही मागास व्यावसायिक गटांची नोंद घेतली. इंद्रा साहनी निकालानेही इतर धर्मांतले मागास वर्ग यादीत येऊ शकतात हे मान्य केलं. महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, गावोगाव सभा घेतल्या. अभिनेते दिलीपकुमारही या चळवळीच्या व्यासपीठावर उभे राहिले. १९९४ मध्ये, शरद पवार मुख्यमंत्री असताना, राज्य सरकारने मुस्लिम ओबीसींना सवलती देण्याचा निर्णय काढला.

आज मोमीन-अन्सारी, बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी-नदाफ-मन्सुरी, मुलाणी, कुरेशी-खाटीक अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातींमध्ये आहेत. ज्या बिरादऱ्या कोणत्याच यादीत नाहीत, उदाहरणार्थ सय्यद किंवा पठाण, त्यांच्यातल्या गरीब घरांसाठी २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांचं, म्हणजे ईडब्ल्यूएसचं १० टक्के आरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ते तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवलं. तिथे धर्म विचारला जात नाही.

म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण ते पुरेसं उघडं आहे का? तर नाही.

सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये आपल्यासमोर आरसा धरला. २००१ च्या जनगणनेत देशात मुसलमान १३.४ टक्के होते. पण आयएएसमध्ये ३ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के. महाराष्ट्रात मेहमूदुर्रहमान समितीने मुसलमानांची परिस्थिती तपासली आणि २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात ८ टक्के आरक्षणाची शिफारस केली. जुलै २०१४ मध्ये तत्कालीन सरकारने अध्यादेश काढला : मराठा समाजाला १६ टक्के आणि ५० मुस्लिम गटांना ५ टक्के. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुस्लिमांच्या नोकरीतल्या आरक्षणालाही दिली. मात्र सरकारी शिक्षणसंस्थांमधलं मुस्लिमांचं ५ टक्के आरक्षण चालू ठेवायला परवानगी दिली. न्यायालयाने हिरवा कंदील दाखवूनही पुढच्या सरकारने अध्यादेशाचा कायदा केला नाही आणि मार्च २०१५ मध्ये ते शिक्षणातलं आरक्षणही रद्द झालं. यानंतर मराठा समाजासाठी दोनदा कायदे झाले. मुस्लिमांसाठी एकदाही नाही. ही नाराजी रास्त आहे.

पण यातून एक धडाही घ्यायला हवा. आंध्र प्रदेशात २००४ आणि २००५ मध्ये सगळ्या मुसलमानांना सरसकट ५ टक्के देण्याचे प्रयत्न झाले आणि उच्च न्यायालयात टिकले नाहीत. मग २००७ मध्ये मागासवर्ग आयोगाकडून पाहणी करून ४ टक्क्यांचा कायदा केला गेला. त्यात सय्यद, पठाण, मुघल, बोहरा, खोजा यांच्यासारखे गट वगळून मागास बिरादऱ्यांची यादी केली. उच्च न्यायालयाने तोही रद्द केला. पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तो चालू ठेवू दिला. त्याखाली हजारो मुलं शिकली. याउलट मे २०२४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमध्ये २०१० नंतर यादीत घातलेल्या कितीतरी मुस्लिम गटांचं आरक्षण रद्द केलं. मागासलेपणाची नीट तपासणी न करता धर्मच निकष धरला, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. धडा सरळ आहे. "आम्ही मुसलमान आहोत म्हणून द्या" ही मागणी कोर्टात टिकत नाही. "आम्ही मागास आहोत, हा घ्या पुरावा" ही मागणी टिकू शकते.

जिथे नियमच अन्यायाचा आहे

एका ठिकाणी मात्र पुरावा असूनही दार बंद आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. मुसलमान आणि ख्रिश्चन आजही बाहेर आहेत. म्हणजे मैला उचलणारा, झाडू मारणारा माणूस मुसलमान असेल, तर कागदावर तो अनुसूचित जातीचा नाही. काम तेच, वस्ती तीच, लोकांची नजरही तीच. फक्त धर्म वेगळा.

दुसरीकडे जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेर भागात राहणारे तडवी भिल्ल पाहा. त्यांच्यातले बहुतेक मुसलमान आहेत आणि ते अनुसूचित जमातीत आहेत, कारण जमातीसाठी धर्माची अट नाही. त्यांच्यामुळे कोणावर आभाळ कोसळलेलं नाही. मग जातीसाठीच ही अट का? रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही अट काढून टाकण्याची शिफारस केली होती. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला. धर्माच्या आधारावर आरक्षण नको, असं म्हणणाऱ्यांनी धर्माच्या आधारावर आरक्षण नाकारणंही चूक आहे हे मान्य करायला हवं.

आपल्यात जात नाही?

आता पहिल्या चाचांकडे परत येऊ. "आपल्यात कसली जात?"

दीनमध्ये नाही, हे शंभर टक्के खरं. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी आखरी खुत्ब्यात अरब-अजमी, गोरा-काळा हा फरक मिटवून टाकला. मशिदीच्या सफेत मालक आणि हमाल खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पण नमाज संपवून घरी आल्यावर रिश्त्याची बात निघाली, की पहिला प्रश्न काय असतो? "लोक कोणते?" पिंजाऱ्याच्या घरी सय्यदाची मुलगी सहज जाते का? काही बिरादऱ्यांची नावं आपण अजून हसण्यावारी नेतो की नाही? हा इस्लामचा दोष नाही, आपला आहे. दीनने मिटवलेला फरक समाजाने जपून ठेवला, आणि तो लपवण्यासाठी मात्र आपण दीनचं नाव पुढे करतो.

या लपवण्याचा तोटा कोणाला होतो? ज्याच्याकडे आधीच काही आहे त्याला नाही. तो पिंजारी, फकीर, छप्परबंद यांच्या मुलांना होतो. "मुसलमान सगळे सारखे" म्हटलं, की समाजाच्या नावाने जे काही मिळेल ते समाजातल्या पुढारलेल्यांच्या हाती जातं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींमध्येही उपवर्गीकरण करता येईल असा निकाल दिला, कारण एकाच गटात काही जण जास्त मागे राहिलेले असतात. हाच प्रश्न आपणही स्वतःला विचारला पाहिजे. बाहेरच्यांकडे इन्साफ मागायचा आणि घरात मात्र सफेच्या मागे उभ्या असलेल्याकडे पाहायचंच नाही, हे चालणार नाही.

जातीचा दाखला काढल्याने आपण जात मानतो असं होत नाही. डॉक्टरकडे गेल्यावर आजार सांगितला, म्हणजे आजार आवडतो असा अर्थ होतो का?

घरात काय करायचं

हे सगळं वाचून शेवटी काम कागदाचंच आहे. आपल्या समाजाचा मोठा अडसरही तिथेच आहे. जुन्या शाळेच्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात नुसतं "मुसलमान" किंवा "इस्लाम" लिहिलेलं असतं. आडनाव शेख, धंदा पिंजाऱ्याचा, आणि पुरावा काहीच नाही.

महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा किंवा राहण्याचा पुरावा पाहिला जातो, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. म्हणून दादा-परदादांची कागदपत्रं शोधा. जुना शाळेचा दाखला, जन्म-मृत्यू नोंद, सातबारा, जुनं खरेदीखत, नातेवाइकाचं आधीच मिळालेलं वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला प्रांत कार्यालयाकडून मिळतो, त्याची पडताळणी जिल्हा जात पडताळणी समिती करते. नॉन-क्रिमी लेयर दाखला वेगळा असतो आणि त्याची मुदत संपते. केंद्राच्या प्रवेशांसाठी व नोकऱ्यांसाठी ओबीसी दाखल्याचा नमुना वेगळा असतो, आणि आपली बिरादरी केंद्राच्या यादीत आहे का हे आधी पाहावं लागतं. मूल दहावीत असतानाच ही धावपळ सुरू करा. प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात काही होत नाही.

दुसरं म्हणजे चुकीची कॅटेगरी टाकू नका. ज्यांची बिरादरी ओबीसीत आहे त्यांना ईडब्ल्यूएस चालत नाही. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. सायबर कॅफेतल्या चाचांनी "ओपन" टाकलं तेव्हा फक्त राखीव सीट गेली नाही, फीची माफीही गेली.

तिसरं, मशीद कमिटी, जमात आणि शिकलेल्या मुलांनी मिळून जुन्या नोंदी शोधायला मदत करावी. एका घरात वैधता प्रमाणपत्र निघालं, की त्या खानदानातल्या दहा घरांचं काम सोपं होतं. यादीत नसलेल्यांनी ईडब्ल्यूएस काढावं आणि यादीत असलेल्या शेजाऱ्याला मदत करताना कमीपणा मानू नये.

आरक्षण हे काही जादूची कांडी नाही. सरकारी नोकऱ्या कमी होत आहेत, खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि जो मुलगा आठवीतच गॅरेजवर बसला त्याला कोणतीच राखीव सीट उपयोगाची नाही. शाहू महाराजांनी राखीव जागेबरोबर वसतिगृहही दिलं ते याचसाठी. मुलं शाळेत टिकवणं हे आपलं काम, दार उघडं ठेवणं हे सरकारचं काम. दोन्ही लागतात.

तर मग आरक्षण न्याय्य आहे का? जे खरोखर मागे ठेवले गेले त्यांना मोजून, पुराव्यानिशी आणि गरज असेपर्यंत दिलं, तर होय. ते मेहेरबानी नाही, भीक तर मुळीच नाही. पुढच्या वेळी फॉर्म भरताना "कॅटेगरी काय?" असं विचारलं, तर मान खाली घालू नका. आणि बाजूला उभ्या असलेल्या मुलीलाही एकदा विचारा, तिला काय व्हायचं आहे ते.